पेन्सिलीतली चौदा घरं

नांदूरमाळचं नाव निघालं की वेणीमाधवरावांना आवरणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, ताटलीत कडक भाकरीचा तुकडा नि शेंगाचटणी, आणि समोरच्यानं नुसतं 'यंदा ऊन फार आहे' म्हटलं तरी यांची गाडी सुटायची. "ऊन बघावं तर नांदूरमाळचं." प्रभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवून निवृत्त झालेल्या, त्या आतून म्हणायच्या, "झालं. गेले गावाला."

ग्रामसेवकाच्या नोकरीत त्यांनी सात गावं पाहिली, पण जीव गुंतला तो नांदूरमाळात. सांगोल्याच्या पलीकडचं कोरडं ठाक गाव. तिथं त्यांनी दोन फेऱ्यांत मिळून अकरा वर्षं काढली. आजही झोपेतून उठवून विचारलं तर कोणत्या घराचं दार उत्तरेला आहे हे सांगतील. बरं, नुसतं सांगून थांबणार नाहीत, त्या घरातल्या सासू-सुनेचं का पटत नव्हतं तेही सांगतील.

आणि त्यांची पेन्सिल. तिच्याशिवाय हा माणूस सांगताच येत नाही. उजव्या कानावर कायम एक, ब्लेडनं तासून टोक काढलेली. गावात त्यांना 'पेन्सिलवाले भाऊसाहेब' म्हणायचे. ग्रामसेवकाला तिकडं भाऊसाहेबच म्हणतात, पण पेन्सिलवाले एवढे एकच.

पेन्सिलीचं कारण होती धनगरवस्ती. गावापासून कोसभर माळावर चौदा घरं, प्रत्येक घरापुढं काट्याकुट्यांचं कुंपण घातलेलं मेंढरांचं वाडगं. घरांची मोजणी नि नोंदवहीची दुरुस्ती यायची ऐन थंडीत, आणि थंडीत ही माणसं वस्तीवर असायचीच कुठं? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची ती थेट अकलूजकडच्या उसाच्या रानांत, परतायची मृगाच्या तोंडावर. घरांना कुलपं, मागं एखादी म्हातारी. नियम असा की घरमालक समोर हवा, त्याचा अंगठा हवा, मगच शाईनं नोंद. मग वेणीमाधवरावांनी आपल्या डोक्यानं तोड काढली होती. टेप घेऊन स्वतः माळावर जायचं, घर मोजायचं, वाडगं मोजायचं, नाव घालायचं, पण सगळं पेन्सिलीनं. माणसं परतली की विचारून शाई फिरवायची.

माणसं परतायचीसुद्धा. वेणीमाधवराव सायकल हाणत वस्तीवर जायचे, घोंगडीवर मांडी ठोकून बसायचे, शेळीच्या दुधाचा चहा व्हायचा. पण त्या वेळी कुणी म्हणायचं, "भाऊसाहेब, आवंदा र्‍हाऊ द्या, भावाभावात वाटणी निघालीया." कुणाचं वाडगं चार हात सरकलेलं असायचं. मग हे म्हणायचे, राहू दे पेन्सिलीत, पुढच्या साली बघू. आपण माणसाला बदलायला जागा ठेवतो याचा त्यांना कोण अभिमान. सोलापुरातल्या गॅलरीत हे सांगताना त्यांचा आवाज ओला व्हायचा.

चावडीवाचनाची आठवण तर त्यांच्या फारच लाडकी. यादी पुरी झाली की दवंडी पिटायची नि पारावर उभं राहून ती मोठ्यानं वाचायची. सगळं गाव जमायचं. "भाऊसाहेब, माझा गोठा दोन हात लांबवलाय की तुमी!" असं कुणी ओरडायचं, दुसरा म्हणायचा, "लांबवला न्हाय, तूच रस्त्यात घुसलायस." हशा व्हायचा, भांडण व्हायचं, आणि नोंद तिथल्या तिथं दुरुस्त व्हायची. काय दिवस होते ते. पेन्सिलीच्या ओळी तेवढ्या वाचायच्या नाहीत, कारण त्यांची माणसं हजर नसत.

गेल्या माघात एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात गोजाबाई. सत्तरीची, गुडघ्यात वाकलेली, काखेत हुरड्याचं गाठोडं. दोन एस.ट्या बदलून आणि रिक्षावाल्याशी वाद घालून ती पत्ता शोधत आली होती. धनगरवस्तीवरच्या बिरुदेवाची ही बायको. बिरुदेव जाऊन वीस-बावीस वर्षं झालेली. मुलगा कुमार मेंढरं घेऊन अकलूजकडं. वेणीमाधवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी प्रभाताईंना दोनदा हाक मारली.

गोजाबाई पाणी प्यायली आणि तिनं हुरड्याचं गाठोडं प्रभाताईंच्या हातात दिलं. मग म्हणाली, "भाऊसाहेब, आमची वस्ती गेली."

"गेली म्हणजे?"

"नकाशातनं गेली. घर हाय तितंच हाय, पर पंचायतीतल्या त्या पूनम म्याडमच्या कांपुटरात आमी न्हाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी गावावरून ड्रोन फिरला होता, घरांचे नवे नकाशे करायला. त्याच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या जागेभोवती चुन्याची फक्की मारून ठेवायची होती, म्हणजे वरून हद्द दिसेल. निरोप आला तो मोबाईलवर, गावाच्या ग्रुपमध्ये. वस्ती सगळी बाहेर. गोजाबाई घरी होती, पण तिच्याकडं बटणाचा फोन. माळावर चुन्याची एक रेघ पडली नाही. मग कॉम्प्युटरनं जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तर तिथंही चौदा घरं नाहीत. सगळ्या माळाला एकच करडा रंग आणि त्यावर लिहिलं, 'नोंद नसलेली मोकळी जागा'. कच्चा नकाशा सरकारच्या संकेतस्थळावर लागला होता, हरकतीला पंधरा दिवस, त्यातले चार गेलेले. हरकत आली नाही तर तोच पक्का. आणि मोकळ्या जागेवर सौर पॅनल बसवायचं घाटत होतं.

"आमी न्हाय म्हनं," गोजाबाई म्हणाली. "मंग त्या वाडग्यात चाळीस वरसं मेंढरं कुणाची बसली?"

वेणीमाधवराव हसले. अगदी मोकळेपणानं, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे हसले. "अहो गोजाबाई, एवढंच ना? मी लिहिलंय. ह्या हातानं लिहिलंय. चौदाच्या चौदा. उद्या येतो मी, दाखवतो त्या मॅडमना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं निघाले. प्रभाताई म्हणाल्या होत्या, फोन करून तरी विचारा. पण त्यांना जायचंच होतं. मंगळवेढा सोडलं तसे ते खिडकीला नाक लावून बसले. ज्वारीची काढणी चालली होती. पंधरा वर्षांत ते गावाला फिरकले नव्हते आणि इतके दिवस आपण का आलो नाही याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पंचायतीला फरशी बसली होती, पंखे आले होते. पूनम मॅडम, आताच्या ग्रामसेविका, तिशीच्या, बोलायला नीट, खुर्ची देऊन बसवणाऱ्या. पूनमनं स्क्रीन वळवली. "सर, हे तुमच्याच काळातलं रजिस्टर ना?"

तेच होतं. त्यांचं वळणदार अक्षर, गावठाणातली घरं ओळीनं. आणि मग धनगरवस्ती असं शीर्षक, खाली एक ते चौदा आकडे, आकड्यांपुढं काहीच नाही. कोरी पांढरी रेघ, चौदा वेळा.

"स्कॅन करणाऱ्यांच्या यंत्रानं शाई उचलली," पूनम म्हणाली. "पेन्सिल आलीच नाही. तुमच्यानंतरच्या रजिस्टरांत वस्तीपुढं सगळ्यांनी 'मागील नोंदीप्रमाणे' एवढंच लिहिलंय. मागील नोंद म्हणजे ही."

वेणीमाधवरावांनी मूळ वही मागितली. कपाटातून वही बांधलेला तांबडा रुमाल निघाला, गाठ सुटता सुटेना, शेवटी पूनमनं दातानं ओढली. वही खिडकीशी नेऊन तिरकी धरली तेव्हा पेन्सिल दिसली. फिकी, राखेसारखी, पण होती. त्यांच्या जिवात जीव आला. "हे बघा, आहे की."

"आहे, सर. पण पेन्सिलीची नोंद ही नोंद नसते. तुम्हाला मी काय सांगायचं?"

खरं होतं. हे त्यांनीच कितीतरी नव्या लोकांना शिकवलं होतं.

पूनमनं हिशोबानं सगळं पुढं मांडलं. लाईट बिलं आहेत, पण ती राहण्याचा पुरावा, जागेचा नाही. एकच वाट दिसते. ज्यानं लिहिलं त्यानं लेखी द्यायचं की ह्या नोंदी खऱ्या, मी मोजून केल्या आणि नियमाविरुद्ध पेन्सिलीत ठेवल्या. मग ग्रामसभा बोलवायची, ओळी मोठ्यानं वाचायच्या, गावानं होय म्हणायचं, आणि तो ठराव नि हा जबाब जोडून चौदा हरकती पोर्टलवर चढवायच्या. "पण सर, जबाब तुमच्या सहीचा. वर गेला की चौकशी लागू शकते. मी आग्रह करणार नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर ते जेवले नाहीत. भिंतीवर 'आदर्श ग्रामसेवक' असं फ्रेम केलेलं पत्र होतं, त्याच्याकडं बघत बसले. तीस वर्षांत एक ठपका नाही, साधी कारणे दाखवा नोटीस नाही. प्रभाताईंना त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मी वाईट काही केलं नव्हतं गं. त्यांच्या सोयीसाठीच केलं होतं."

"त्यांच्या सोयीसाठी नि तुमच्याही," प्रभाताई म्हणाल्या. "शाई फिरवायची तर चौदा अंगठ्यांसाठी पुन्हा पुन्हा चकरा पडल्या असत्या, त्या वाचल्या. आता जायचं तर जा, पण तिथं जाऊन स्वतःचं कौतुक सांगू नका."

ही बाई शाळेतही अशीच बोलायची. वेणीमाधवरावांना राग आला, पण त्यांनी पूनमला फोन करून हो सांगितलं.

सहाव्या दिवशी ग्रामसभा भरली, पारावरच. ती जागा पूनमनं निवडली होती, पण वेणीमाधवरावांचा ऊर भरून आला. तोच पिंपळ, तेच दगड. जुनी माणसं येऊन हात धरत होती, "भाऊसाहेब, वाळलासा की." वस्तीवरचे हजर होते ते म्हातारेकोतारे, बाकी रानोमाळ. पूनमनं त्यांना फोनवर घेतलं. उसाच्या फडाच्या कडेला उभी असलेली दहा-बारा माणसं छोट्याशा चौकटीत दाटीवाटीनं दिसत होती, मागं मेंढरांचा आवाज. ही माणसं यादीच्या वाचनाला पहिल्यांदाच हजर होती, हे वेणीमाधवरावांच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्यांनी वही तिरकी धरली आणि वाचायला घेतलं. पहिली ओळ, सिद्धाप्पाचं घर, पूर्व-पश्चिम बावीस फूट, पुढं वाडगं. "खरं का?" गाव म्हणालं, "व्हय." सिद्धाप्पा, आता ऐंशीचा, काठीवर हनुवटी टेकून बसला होता, तो म्हणाला, "खरं हाय, पर वाडगं त्या साली वड्याच्या अंगाला हुतं." पूनमनं तेही लिहून घेतलं. दुसरी, तिसरी, चौथी. मध्येच फोनमधून कुणीतरी ओरडलं, "आमच्या चुलत्याचं हाय ते, माजं शेजारचं," पारावर हशा झाला, आणि वेणीमाधवरावांना वाटलं की आपण पुन्हा पस्तिशीचे झालो. अक्षर पुसट असलं तरी त्यांचं काही अडत नव्हतं, सगळं पाठ होतं.

अकराव्या ओळीवर ते थांबले. मापं होती, पण नावाच्या जागी लिहिलं होतं, 'बिरुदेव'. बस. पुढं काही नाही.

बिरुदेव वारला त्या वर्षी गोजाबाई पंचायतीत आली होती. म्हणाली होती, मालक गेले, जागेला माझं नाव लावा. ते वही उघडून बसले, कानावरची पेन्सिल हातात घेतली, तिला म्हणाले, "होईल, बाई." आणि त्यांच्या मनात आलं, कुमार नऊ वर्षांचा आहे, आणखी नऊ वर्षांनी सज्ञान होईल, तेव्हा एकदम त्याचंच लावू. मधल्या काळापुरतं बाईचं नाव कशाला घालायचं? त्यांनी वही मिटली. पुढं बदली झाली. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि नांदूरमाळच्या हजार आठवणींत ही एक त्यांना कधी आठवलीही नव्हती.

"वाचा की भाऊसाहेब," कुणीतरी म्हणालं. "बिरुदेवाचं घर. व्हय म्हनतो आमी."

तेवढ्यावर भागलं असतं. गाव हो म्हणायला तयार होतं, वारस म्हणून मागाहून कुमारचं नाव आपोआप लागलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. वेणीमाधवरावांनी वही खाली ठेवली. "इथं गोजाबाईंचं नाव पाहिजे होतं," ते म्हणाले. "त्या माझ्याकडं आल्या होत्या. मी लावतो म्हणालो. लावलं नाही." त्यांना फार लाज वाटली. त्यांनी गोजाबाईकडं पाहिलं.

ती पहिल्या ओळीत बसली होती, पदर नीट डोक्यावर. म्हणाली, "मला ठावं हाय की."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"तवापासनंच. मला वाचता येत न्हाय, पर हात हालला न्हाय एवडं दिसतं की मानसाला. पेन्सल घेतली आन् तशीच कानावर ठिवली तुमी."

"मग बोलला का नाहीत? बावीस वर्षं?"

"कसं बोलायचं? सारी वस्ती म्हनायची, भाऊसाहेब देवमानूस. देवाला कोन म्हनंल, तू चुकला?"

वेणीमाधवरावांना ते घोंगडीवरचे चहा आठवले, ते हसणं, ती अदब, आणि त्या सगळ्याखाली हे एक न बोललेलं बसलेलं होतं हे आता कळून त्यांना आत कुठंतरी जोरात लागलं. इतकी वर्षं ते समजत होते की ह्या माणसांना आपल्याविषयी तक्रार नव्हती.

ठराव झाला. अकराव्या ओळीला गोजाबाईचं नाव, म्हणून गावानं हात वर केले. फोनमधून कुमारचाही हात वर आलेला पूनमनं दाखवला. ऑफिसात जाऊन तिनं चौदा हरकती एकामागून एक चढवल्या, प्रत्येकीचा नंबर कागदावर लिहून घरटी वाटला. दोन महिन्यांनी पक्का नकाशा लागला तेव्हा माळावरचा करडा रंग गेला होता आणि चौदाही घरं आपापल्या नावानं बसली होती. चौकशीची नोटीसही सोलापूरला पोचली. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी हरकती चढवण्याआधी एक काम राहिलं होतं, ते जबाबाचं. वेणीमाधवराव टेबलाशी बसले आणि पूनमनं दिलेल्या पेनानं लिहू लागले. चौदा नोंदी मी स्वतः मोजून केल्या, नियमाविरुद्ध पेन्सिलीत ठेवल्या, त्याला मी जबाबदार. एवढं पुरेसं होतं. पण त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली.

"सर, याची गरज नाही," पूनम म्हणाली. "ठरावात नाव आलंय त्यांचं."

"असू दे."

साक्षीदार म्हणून गोजाबाईचा अंगठा लागणार होता. शाईचं पॅड पुढं आलं तरी ती हात मागंच ठेवून म्हणाली, "काय लिव्हलंय त्ये आदी वाचा."

त्यांनी सगळं वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचली, 'श्रीमती गोजाबाई यांचे नाव लावणे माझ्याकडून राहून गेले.'

"ती वळ परत वाचा."

त्यांनी परत वाचली.

"राहून गेलं न्हवतं, भाऊसाहेब," गोजाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, जशी एरवी बोलायची तशीच बोलली. "राहून गेलं म्हंजी इसरलासा. तुमी इसरला न्हवता. तुमी लिव्हलं न्हाय. तसं लिव्हा."

वेणीमाधवरावांनी ती ओळ खोडली, खाली नवी लिहिली, 'श्रीमती गोजाबाई यांचे नाव मी जाणूनबुजून लिहिले नाही', आणि तिनं सांगितलं नव्हतं तरी तिला वाचून दाखवली. गोजाबाईनं मान हलवली आणि पॅडवर अंगठा टेकवला.